स्टॉकहोमचे स्टूरशिर्कान: पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे पुण्या-नाशिकची माणसे येतात. राजवाडा, जुने गाव, बोटीची फेरी असा बेत ठरलेला असतो, आणि राजवाड्याशेजारच्या त्या पिवळट चर्चमध्ये 'पाच मिनिटं डोकावू' म्हणून आम्ही शिरतो. मग तासभर कुणी बाहेर येत नाही. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि मी तीच उत्तरे देते, म्हणून या वेळी ती लिहूनच काढली.

नाव नेमके म्हणायचे कसे?

स्टूरशिर्कान. स्वीडिशमध्ये ठरावीक स्वरांच्या आधीचा 'क' हा 'श'सारखा होतो, त्यामुळे लिहिलेले पाहून वाचायला गेलात तर हमखास चुकाल. अर्थ अगदी साधा आहे: 'मोठे चर्च'. अधिकृत नाव संत निकोलस यांचे. निकोलस म्हणजे खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा राखणदार, आणि पुढे लाल डगला घालून नाताळबाबा झालेला तोच. बेटावर वसलेल्या व्यापारी शहराने समुद्र सांभाळणारा संत निवडावा हे ओघानेच आले.

किती जुने आहे?

लेखी उल्लेख १२७९ सालचा, एका मृत्युपत्रातला. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते तेव्हा हे चर्च उभे होते. स्टॉकहोम वसवणारा म्हणून ज्याचे नाव घेतात त्या बिर्येर यार्लनेच हेही बांधले असे परंपरा सांगते. आज दिसते ती इमारत मात्र एका काळातली नाही. आतला बराचसा भाग पंधराव्या शतकाच्या अखेरीचा. मधला भाग आणि बाजूचे भाग जवळपास एकाच उंचीचे, त्यामुळे खांबांच्या उभ्या-आडव्या रांगांतून चालताना एखाद्या प्रचंड दालनात असल्यासारखे वाटते.

मग बाहेरून ते इतके जुने का दिसत नाही?

हा प्रश्न आमच्या आत्याचा. तिने दारातच विचारले, "हे तर सरकारी कचेरीसारखं दिसतंय. नक्की हेच का?"

तिचे काही चुकले नाही. शेजारचा जुना किल्ला, 'तीन मुकुट' नावाचा, १६९७ मध्ये जळाला. त्याच्या जागी आजचा चौकोनी, इटालियन धाटणीचा राजवाडा उभा राहू लागला. त्याच्या शेजारी लाल विटांचे मध्ययुगीन चर्च विशोभित दिसायला लागले. तेव्हा शहराचा वास्तुविशारद योहान एबरहार्ड कार्लबेरी याने १७३६ ते १७४२ या काळात चर्चला बाहेरून बरोक शैलीचा गिलावा चढवला आणि मनोऱ्यालाही नवे रूप दिले. शेजाऱ्याने बंगला बांधला म्हणून आपल्या वाड्याला रंग काढावा तसा हा प्रकार.

आत मात्र विटाच विटा दिसतात, त्या कशा?

पूर्वी आतही गिलावा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठी डागडुजी झाली तेव्हा खांबांवरचा गिलावा खरवडून काढला आणि मध्ययुगीन विटा उघड्या पडल्या. छताच्या कमानींवरची जुनी रंगचित्रेही त्याच काळात परत दिसू लागली.

गोव्याला जाऊन आलेले पाहुणे असले की मी इथे थांबते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकेचा गिलावाही १९५० च्या दशकात असाच काढला होता, 'मूळ दगड दिसावा' म्हणून. तिथे तो बाहेरच्या भिंतींचा होता. जांभा दगड कोकणच्या पावसात झिजत गेला, आणि आता गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद चालू आहे. इथल्या विटा छताखाली आहेत, म्हणून त्यांचे निभावले. एरवी गिलावा काढण्याची ती हौस मला दोन्हीकडे सारखीच वाटते.

तो घोड्यावरचा माणूस आणि राक्षस? की डायनासोर?

'डायनासोर' हा शब्द माझ्या सात वर्षांच्या भाच्याचा. सगळे याच्यासाठीच थांबतात आणि थांबावेच.

हा संत जॉर्ज. स्वीडिशमध्ये सांक्त यूरान. त्याच्या कथेत एक अजगरासारखा ड्रॅगन शहराकडून रोज बळी मागतो, शेवटी राजकन्येची पाळी येते आणि जॉर्ज येऊन ड्रॅगनला मारतो. आपल्याला बकासुराची गोष्ट पाठ असल्याने कुणाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. गाडाभर अन्नाच्या जागी माणसे, आणि भीमाच्या जागी चिलखतातला स्वार.

शिल्प ओक लाकडाचे आहे. ते ल्यूबेक या जर्मन व्यापारी शहरातल्या बेर्न्ट नोटकेचे काम मानले जाते (कला-इतिहासकारांत यावर वाद झालेले आहेत) आणि १४८९ च्या वर्षअखेरीस त्याचे उद्घाटन झाले. आता जरा जवळ जा. ड्रॅगनच्या अंगावरचे काटे आणि पंखांची टोके पाहा. ती लाकडाची नाहीत, एल्कची खरी शिंगे आहेत. एल्क म्हणजे इथल्या जंगलातले ते सांबरापेक्षा अवाढव्य जनावर, ज्याच्या चित्राच्या पिवळ्या-लाल पाट्या हायवेवर दिसतात. नोटकेने ती खरीखुरी चपटी, फाटे फुटलेली शिंगे लाकडात बसवली. म्हणून तो प्राणी कोरल्यासारखा न वाटता जमिनीतून उगवल्यासारखा वाटतो. घोड्याच्या पायांखाली मोडलेला भाला आहे, अर्धवट खाल्लेली माणसे आहेत. स्वाराने तलवार डोक्यावर उगारली आहे आणि घाव अजून पडायचा आहे. चेहरा शांत, जवळजवळ कंटाळलेला. तलवार आणि चेहरा यांचा हा बेबनाव मला फार आवडतो.

राजकन्या वेगळ्या बैठकीवर आहे, थोडी दूर, हात जोडून. घाईत असलेले लोक तिला बघतच नाहीत.

पण चर्चमध्ये इतके हिंस्र शिल्प कशाला?

कारण ते युद्धस्मारक आहे. १० ऑक्टोबर १४७१ रोजी, आजच्या स्टॉकहोमच्या भर मध्यात असलेल्या ब्रुंकेबेरी टेकडीवर, स्तेन स्तूरे या स्वीडिश कारभाऱ्याने डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन पहिला याला हरवले. ख्रिश्चनला स्वीडनची गादी हवी होती. लढाईत तोंडावर मार बसून त्याचे दात गेले असे सांगतात. स्तूरेने लढाईआधी संत जॉर्जचा धावा केला होता, त्याची फेड म्हणून हे शिल्प घडवून घेतले. तेव्हा जॉर्ज म्हणजे स्वतः स्तूरे, ड्रॅगन म्हणजे डेन्मार्क, आणि राजकन्या म्हणजे स्वीडन. हे त्या काळच्या प्रत्येकाला न सांगता कळत होते. शिवाय शिल्पात पवित्र अवशेष ठेवले होते, म्हणजे लोक त्याच्यापुढे गुडघे टेकत ते संताच्या नावाने आणि सोबत स्तूरेच्याही.

या चर्चमधल्या बहुतेक मोठ्या वस्तू अशाच आहेत. वरून भक्ती, आत कुणाचा तरी हिशोब. हे एकदा ध्यानात आले की बाकीचे पटापट उलगडते.

'आकाशात सहा सूर्य' असलेले ते चित्र काय आहे?

त्याला वेदरसूल्सताव्लान म्हणतात. 'वेदरसूल' म्हणजे हवामानाचा सूर्य, आणि सूर्य एकच आहे. बाकीचे त्याचे भास.

२० एप्रिल १५३५ च्या सकाळी स्टॉकहोमकरांनी वर पाहिले तर आकाशभर वर्तुळे, कमानी आणि खोटे सूर्य. आपण याला सूर्याला खळे पडले म्हणतो. माझी आजी चंद्राच्या खळ्यावरून पावसाचा अंदाज बांधायची. कारण दोन्हीकडे तेच. उंचावरच्या पातळ ढगांत षट्कोनी बर्फाचे बारीक स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश वळतो आणि सूर्यापासून साधारण २२ अंशांवर कडे उमटते. स्फटिक आडवे तरंगत असतील तर त्या कड्याच्या दोन्ही बाजूंना झगझगीत ठिपके दिसतात, ते हे खोटे सूर्य. महाराष्ट्रात साधे खळे पुष्कळदा दिसते, पण उत्तरेच्या थंड हवेत कधीकधी अख्खा संच एकदम उभा राहतो आणि या चित्रात तोच संच आहे.

खाली शहर आहे, घरांचा आणि तटबंदीचा घट्ट गठ्ठा, आणि मधोमध हेच चर्च. स्टॉकहोमचे हे सर्वांत जुने रंगीत चित्र. म्हणजे तुम्ही ज्या इमारतीत उभे आहात तिचेच जुने रूप त्याच इमारतीच्या भिंतीवर बघता. मी पाहुण्यांना आधी वर बघू देत नाही. आधी चर्च शोधा, मग आकाश.

हे मूळ चित्र आहे का?

नाही. १५३५ चे मूळ हरवले. इथे आहे ती १६३६ मध्ये याकोब हाइनरिश एल्बफास याने केलेली नक्कल. बरीच वर्षे लोक हेच मूळ समजत होते, पण विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी लाकडाच्या वलयांची तपासणी झाली तेव्हा फळ्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोडलेल्या झाडांच्या निघाल्या.

चित्रावरून कुणाला फाशी झाली असे ऐकले, ते खरे का?

फाशी झाली नाही, शिक्षा मात्र झाली आणि गोष्ट सांगण्याजोगी आहे.

चित्र करवून घेणारा होता ओलाउस पेत्री, जर्मनीत प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या गावी शिकून आलेला उपदेशक आणि शहराचा चिटणीस. त्याचे भाषण ऐकायला लोक इतके जमत की त्याच्यासाठी टोपलीसारखे उपदेशपीठ केले होते, आणि गावात त्याचे नावच 'टोपलीतले ओलोफ मास्तर' पडले. १५२५ मध्ये त्याने याच चर्चमध्ये लग्न केले. धर्मगुरूने लग्न करणे तेव्हा भयंकर प्रकरण होते.

त्याला बळ देणारा होता राजा गुस्ताव्ह वासा. राजाला नवा धर्म सोयीचा होता, कारण त्यापाठोपाठ जुन्या चर्चच्या जमिनी, चांदी आणि घंटाही खजिन्यात आल्या. इथेच दोघांचे बिनसले. पेत्रीला सुधारणा हवी होती, राजाला वसुली. पेत्रीने आकाशातली खूण रंगवून घेऊन चर्चमध्ये टांगली आणि त्यावर प्रवचन केले. राजाने त्यातून नेमका अर्थ काढला: देव रागावलाय, आणि कुणावर ते सांगायला नको. पुढे, १५४० मध्ये, पेत्रीला मृत्युदंड सुनावला गेला. राजाविरुद्धचा कट भाविकाच्या पापाची कबुली ऐकताना कळूनही त्याने तो लपवला, हाही आरोप होता. शेवटी स्टॉकहोमच्या नागरिकांनी जबर दंड भरून त्याचा जीव वाचवला. तो १५५२ मध्ये वारला. त्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळ वारला, ज्याचे शव पुढे गोव्याला आले. एकाने कॅथलिक चर्च फोडायला हातभार लावला, दुसऱ्याने ते आपल्या किनाऱ्यापर्यंत आणले.

पेत्रीच्या थडग्याचा झिजलेला दगड उपदेशपीठाखाली आहे. बाहेर त्याचा पुतळाही आहे, १८९८ चा, राजवाड्याच्या उताराकडच्या बाजूला. आणि स्वीडनच्या जुन्या हजार क्रोनरच्या नोटेवर गुस्ताव्ह वासाच्या चेहऱ्यामागे या वेदरसूल चित्राचा तुकडा छापला होता. राजाला खुपलेले चित्र कायमचे त्याच्याच पाठीशी चिकटवणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

पुतळ्याजवळची ती भिंत एकदम सपाट का संपते?

तोही गुस्ताव्ह वासाचाच उद्योग. चर्चचा पूर्वेकडचा भाग किल्ल्याच्या फार जवळ येत होता. शत्रूने तिथे ठाण मांडले तर किल्ल्यावर तोफा डागता येतील, म्हणून १५५० च्या दशकात त्याने तो पाडून चर्च आखूड केले.

वेदी इतकी काळी का?

ती आबनुसाच्या लाकडाची आहे, वर चांदीचे नक्षीकाम. सतराव्या शतकाच्या मध्यावरची. चांदीच्या पत्र्यांवर ठोकून उठवलेले प्रसंग खालून वर चढत जातात: शेवटचे भोजन, क्रूस, दफन. बाजूला मोशे आणि बाप्तिस्मा करणारा योहान.

ही देणगी योहान आद्लेर सालव्हिउस आणि त्याची बायको मार्गारेता स्कूते यांची. सालव्हिउस गरिबाघरचा हुशार मुलगा. तो एका श्रीमंत सोनाराच्या विधवेशी लग्न करून वर आला. ती त्याच्याहून वयाने बरीच मोठी होती. तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात स्वीडनच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्यांत तो होता. पाहुण्यांना तहाचे नाव ऐकून काही होत नाही, पण सोनाराच्या विधवेचा उल्लेख केला की सगळे चांदीकडे नव्याने बघतात.

ती मोठी समई?

समईच म्हणा, माझी हरकत नाही. सात फाट्यांचे पंधराव्या शतकातले कांस्याचे दीपवृक्षासारखे झाड आहे, जवळपास दोन पुरुष उंच. आमच्या आईने तिच्यासमोर नकळत हात जोडले होते.

मुकुट टांगलेल्या त्या दोन पेट्या कसल्या?

राजघराण्याच्या बसायच्या जागा. १६८४ च्या, आराखडा धाकट्या निकोदेमुस तेसीनचा आणि कोरीवकाम बुर्खार्ट प्रेख्तचे. वर इतका मोठा मुकुट की खाली बसलेला राजा लहान पोर दिसावा. सोनेरी उपदेशपीठही प्रेख्तचेच, साधारण १७०० च्या सुमाराचे. भिंतीवरचे प्रचंड 'अखेरचा न्याय' हे चित्र एरेनस्ट्रालचे, १६९६ चे. ते मला कधीच फारसे भावले नाही, त्यात माणसे फार आणि दुःख कमी.

राज्याभिषेक इथेच होत का?

पुष्कळसे, हो. १३३६ मध्ये मॅग्नुस एरिकसन आणि राणी ब्लांका यांचा. १६५० मध्ये राणी क्रिस्तीनाचा, जिने चारच वर्षांत गादी सोडली आणि कॅथलिक झाली. शेवटचा १८७३ मध्ये दुसऱ्या ऑस्करचा. त्याच्या मुलाने, पाचव्या गुस्ताव्हने, १९०७ मध्ये अभिषेक करून घेतला नाही आणि तेव्हापासून स्वीडनमध्ये कुणाचाच झालेला नाही.

सर्वांत वाईट आठवण ४ नोव्हेंबर १५२० ची. डेन्मार्कच्या दुसऱ्या ख्रिश्चनने स्टॉकहोम जिंकले, विरोधकांना माफी दिली आणि इथे मुकुट घालून घेतला. तीन दिवस मेजवान्या चालल्या. मग किल्ल्याची दारे बंद झाली, आणि ८ व ९ तारखेला चर्चपासून दोन मिनिटांवरच्या स्टूरतोर्येत चौकात ऐंशीच्या आसपास लोकांची डोकी उडवली. त्यांत गुस्ताव्ह वासाचा बापही होता. आज त्या चौकात लोक गरम चॉकलेट पितात.

मग राजांच्या समाध्या?

इथे नाहीत. त्या रिद्दारहोल्मेन चर्चमध्ये, पाच-सात मिनिटांवर. इथे पायाखाली आहेत ते शहरातल्या लोकांच्या थडग्यांचे दगड.

आणि लग्ने?

आताचे राजे कार्ल गुस्ताव्ह यांचे सिल्व्हियांशी इथेच लागले, १९ जून १९७६ ला. मुलगी व्हिक्टोरिया हिचेही इथेच, १९ जून २०१० ला, तीच तारीख धरून. तेव्हा एक वाद झाला होता, तो आपल्या लोकांना भारी आवडतो. स्वीडनमध्ये वधू-वर बरोबरीने चालत आत येतात. व्हिक्टोरियाला वडिलांचा हात धरून यायचे होते, आणि 'मुलगी काय देण्याची वस्तू आहे?' असे लोक म्हणू लागले. शेवटी तोड निघाली. राजाने तिला अर्ध्या वाटेपर्यंत आणले, तिथे नवरदेव दानिएल उभा होता, पुढे दोघे मिळून चालले. हे सांगितले की आमच्या मंडळींत कन्यादानावर वाद पेटतो आणि चर्च बाजूला राहते.

हे कॅथलिक चर्च आहे की प्रोटेस्टंट? कॅथेड्रल म्हणायचे का?

लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच. इथली उपासना स्वीडिशमध्ये असते. कॅथेड्रल म्हणजे बिशपचे आसन, आणि तो मान याला फक्त १९४२ पासून आहे. त्याआधी स्टॉकहोमला स्वतंत्र बिशपच नव्हता. १९९८ ते २०१९ या काळात इथे स्त्रिया बिशप होत्या. दरवर्षी संसदेचे अधिवेशन सुरू होताना खासदार आणि राजघराणे आधी इथल्या उपासनेला येतात, जरी २००० सालापासून चर्च आणि सरकार वेगळे झालेले असले तरी.

तिकीट लागते का? फोटो?

पर्यटक म्हणून गेलात तर लागते, उपासनेला बसलात तर नाही. फोटो काढू देतात, फक्त उपासना चालू असताना फोन खिशात ठेवा. ऑर्गनचा कार्यक्रम लागला असेल तर सोडू नका. मार्कुसेन या डॅनिश कारखान्याचे १९६० चे वाद्य आहे. ड्रॅगनच्या रूपात ज्या डेन्मार्कला तुडवले त्याच डेन्मार्कचे.

गर्दीत शिल्प नीट दिसले नाही, आता?

बाहेर पडा आणि पूर्वेकडच्या गल्लीने दोन-तीनशे पावले चाला. शॉपमानब्रिंकेन या छोट्या उतारावर त्याच जॉर्जची १९१२ ची कांस्य प्रतिकृती उभी आहे. तिकीट नाही, रांग नाही. मुले चौथऱ्याला टेकून आइसक्रीम खातात. माझ्या भाच्याने तिथे पुन्हा शिंगे मोजायला घेतली, आणि ती खरी नाहीत हे कळल्यावर मला परत आत चल म्हणून हट्ट धरला.